अमेरिकेतले उपवासकाळाचे शुक्रवार: नियम, कपाळावरची राख आणि पॅरिश हॉलमधली मासळी

आगाशीकर

वसई, मुंबई, गोवा इथून अमेरिकेत आलेल्या कॅथलिक मंडळींचे प्रश्न दर उपवासकाळाआधी तेच असतात, म्हणून हा धागा. उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे साधारण चाळीस दिवस. २०२७ साली त्याचा पहिला दिवस, कपाळाला राख लावायचा राखेचा बुधवार, १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. नाताळची सजावट उतरवून महिना होतो न होतो तोच काळ सुरू होईल, तेव्हा तयारी आतापासूनच हवी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'उपवास' आणि 'मांसवर्ज्य' या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपवासाचे दिवस फक्त दोन, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं चालतं, पण त्या दोन थोड्या खाण्यांची बेरीज एका पूर्ण जेवणाएवढी होता कामा नये. वय १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे ५९वा वाढदिवस होईपर्यंत, हे बंधन आहे. मांसवर्ज्य हे दोन दिवस तर आहेच, शिवाय उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी, आणि ते वयाच्या १४व्या वर्षापासून पुढे कायम. ५९ पूर्ण झाल्यावर उपवास सुटतो, मांसवर्ज्य सुटत नाही. घरातले ज्येष्ठ इथेच हमखास गोंधळतात. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना सूट आहे.

आपल्याकडे अनेक घरांत सगळा उपवासकाळ मांस शिजत नाही. ते इथेही जरूर पाळावं, मात्र तो घराचा नेम आहे, ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, नियम वर सांगितला तेवढाच आहे. मुलांना समजावताना हा फरक सांगितला की पुढचे वाद टळतात.

निर्मळची_वाट

चांगला धागा. एक भर घालते. 'व्हॅटिकन परिषदेनंतर (साठीच्या दशकातल्या चर्चच्या सुधारणासभेनंतर) अमेरिकेत मांसवर्ज्याचा शुक्रवार संपला' असं सर्रास ऐकू येतं, ते बरोबर नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये अमेरिकन बिशपांनी वर्षभरातल्या इतर शुक्रवारचं मांसवर्ज्याचं बंधन काढलं. पण शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस म्हणून कायम ठेवला, आणि स्वेच्छेने मांस टाळण्यालाच पहिली पसंती दिली. मांस खाल्लं तर त्या जागी दुसरं काही करावं, अशी अपेक्षा आहे: प्रार्थना, आजाऱ्याची भेट, दानधर्म. हा दुसरा भाग लोकांच्या लक्षातून गेला आणि 'सूट' तेवढी उरली. माझ्या मते अमेरिकन कॅथलिक जीवनातलं हे मोठं नुकसान आहे, कारण आठवड्यातून एकदा ताटातूनच आठवण करून देणारी खूण गेली.

या निर्णयाचा परिणाम बाजारातही दिसला. न्यू इंग्लंडच्या बंदरांवर मासळीचे भाव त्यानंतर सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास उतरल्याचं अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडलं गेलं आहे. त्याआधी १९६२ साली सिनसिनाटीच्या एका कॅथलिक वस्तीत मॅकडोनाल्ड्सची शाखा चालवणाऱ्या लू ग्रोन यांचा धंदा शुक्रवारी बसायचा, म्हणून त्यांनी माशाचं सँडविच काढलं. तेच पुढे फिले-ओ-फिश म्हणून देशभर गेलं. आजही उपवासकाळ लागला की जवळपास प्रत्येक साखळी उपाहारगृहाच्या फलकावर मासळी येते.

बॉटल_मसाला

मांस म्हणजे नेमकं काय? अंडाकरी, कोळंबी, बोंबील चालतात हे माहीत आहे. चिकन क्यूब घातलेलं सूप चालतं का? आणि इथल्या तयार पदार्थांत काय काय लपलेलं असतं?

निर्मळची_वाट

@बॉटल_मसाला, वर्ज्य आहे ते जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं मांस: गाय, डुक्कर, मेंढी, कोंबडी. मासे, शिंपले, खेकडे, अंडी, दूध, लोणी, चीज चालतं. पाण्यात राहणाऱ्या थंड रक्ताच्या प्राण्यांना मोकळीक आहे. लुइझियानात मगर खातात, आणि ती उपवासकाळात माशांतच धरायची असं न्यू ऑर्लीन्सच्या आर्चबिशपांनी २०१० साली लेखी कळवलं होतं.

रस्सा, स्टॉक, चरबीची फोडणी हे नियमाच्या काटेकोर अर्थाने निषिद्ध नाहीत, असं अमेरिकन बिशपांचं स्पष्टीकरण आहे. त्याच स्पष्टीकरणात असंही म्हटलं आहे की मांसाची चव देणारे पदार्थ टाळावेत ही नीतिशास्त्राची जुनी शिकवण आहे. म्हणजे क्यूब पडला म्हणून पाप झालं असं नाही, पण हाताशी भाजीचा स्टॉक असताना चिकनचा का घालावा?

बाहेर खाताना फसगत होते ती या जागी:
- क्लॅम चाउडर हे सूप. नाव शिंपल्यांचं, पण तळाशी बहुतेकदा बेकन किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं.
- दक्षिणेकडच्या शिजवलेल्या हिरव्या शेंगा आणि पालेभाज्या. हॅमचं हाड घालून उकळतात.
- सॅलडवर भुरभुरलेले बेकनचे तुकडे.
- मेक्सिकन रिफ्राइड बीन्स. त्यात अनेकदा डुकराची चरबी असते. वरच्या नियमाने चालतात, पण माहीत असलेलं बरं.

आणि 'टर्की बेकन चालतं' हा गैरसमज पक्का बसलेला आहे. टर्की पक्षी आहे, चालत नाही.

सांतान_पापडी

२०२७ साठी एक तारीख वहीत लिहून ठेवा: शुक्रवार १९ मार्च. त्या दिवशी संत योसेफाचा महोत्सव, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा सण, आहे. चर्चच्या कायद्याच्या (कॅनन कायद्याच्या) १२५१व्या कलमानुसार शुक्रवारी महोत्सव आला तर मांसवर्ज्य आपोआप उठतं, त्यासाठी बिशपांची वेगळी परवानगी लागत नाही. २५ मार्चचा शुभसंदेशाचा महोत्सव मात्र त्या वर्षी पवित्र गुरुवारी येतो, म्हणून तो ५ एप्रिलला सरकेल.

संत पॅट्रिकचा दिवस, १७ मार्च, याचं गणित वेगळं. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी महोत्सव नाही, साधा स्मरणदिन आहे. तो शुक्रवारी आला तर सूट द्यायची की नाही हे प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतापुरतं ठरवतात. २०१७ आणि २०२३ साली बऱ्याच धर्मप्रांतांनी आयरिश रीतीचं कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) खायला सूट दिली, काहींनी 'त्याबदली दुसऱ्या दिवशी मांस टाळा' अशी अट घातली, काहींनी सूट दिलीच नाही. पुढचा असा योग २०२८ चा. शेजारच्या शहरात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं धरू नका, आपल्या धर्मप्रांताचं पत्रक बघा.

प्रश्नार्थक

राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) थेट ऑफिसला जायचं असतं. कपाळावरची राख पुसावी का? मॅनेजर काही बोलला तर? आणि गुड फ्रायडेला सुट्टी नसते याचं काय करायचं?

कलम_आणि_कायदा

@प्रश्नार्थक, तिन्हींची उत्तरं देतो.

राख ठेवायलाच हवी असा नियम नाही आणि पुसायला हवी असाही नाही. दिवसभर ठेवणं ही इथली रूढी आहे. त्या दिवशी दुकानात, मेट्रोत, टीव्हीवर राख लावलेली कपाळं दिसतात, सिनेटरांपासून बस चालवणाऱ्यांपर्यंत. १९६० साली कॅथलिक असलेले केनेडी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे उभं राहून 'माझा धर्म माझ्या पदाला आड येणार नाही' हे त्यांना समजावून सांगावं लागलं होतं. त्याच देशात कॅथलिक बायडेन राष्ट्राध्यक्ष असताना कपाळावर राख घेऊन कामाला बसले. हा बदल लहान नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने धार्मिक आचरणाला वाजवी सोय द्यावी लागते. पूर्वी 'किरकोळ अडचण' दाखवून नकार देता यायचा. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात एकमताने ती पायरी वर नेली. आता त्या व्यवसायाच्या दृष्टीने खर्च किंवा ताण लक्षणीय वाढतो हे मालकाने दाखवावं लागतं. सहकाऱ्यांना राख बघून अवघडल्यासारखं होतं, एवढं कारण पुरत नाही. शस्त्रक्रियागृह किंवा निर्जंतुक कक्ष असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खरं कारण असू शकतं.

गुड फ्रायडे ही केंद्र सरकारची सुट्टी नाही. न्यू जर्सी, कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई अशा काही राज्यांत सरकारी सुट्टी असते आणि न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद असतो. बाकी सगळीकडे रजा मागावी लागते. ती अशी मागा: ईमेलने, तीन-चार आठवडे आधी. तारीख आणि तास लिहा, 'धार्मिक सोय म्हणून विनंती' हे शब्द वापरा आणि बदली काम सुचवा, उदाहरणार्थ आदल्या दिवशी तीन तास जास्त. मुख्य उपासना बहुधा दुपारी ३ च्या सुमारास असते, त्यामुळे अर्धा दिवस पुरतो. ऐनवेळी तोंडी सांगितलं की गाडं अडतं, आणि मग दोष कायद्याला दिला जातो.

सांतान_पापडी

राखेबद्दल थोडं तांत्रिक, जे पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) मदत करतात त्यांच्यासाठी. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आशीर्वादित झावळ्या जाळून ही राख करतात. झावळ्या पूर्ण कोरड्या हव्यात, जाळायला धातूचं भांडं आणि उघडी जागा. थंड झाल्यावर कुटायची आणि बारीक चाळणीतून दोनदा चाळायची. चाळली नाही तर खडे राहतात आणि कपाळाला ओरखडे येतात.

राखेत पाणी घालून लगदा करू नका. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो, त्याने कातडी भाजते. चिकटायला हवीच असेल तर ऑलिव्ह तेलाचे दोन-चार थेंब पुरे. कोरडी राखही नीट बसते.

राख घ्यायला कॅथलिक असावंच लागतं असं नाही, सोबत आलेल्या हिंदू मित्रालाही घेता येते. ख्रिस्तशरीर (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेण्याचा नियम मात्र वेगळा आहे. शिवाय हा बुधवार बंधनकारक मिस्साचा दिवस नाही, तरी चर्च नाताळसारखी भरतात. वीस मिनिटं आधी पोचा.

तळणीचा_हिशेब

आता मासळीकडे. उपवासकाळातल्या शुक्रवारी संध्याकाळी पॅरिशच्या हॉलमध्ये 'फिश फ्राय' असतो. पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, सिनसिनाटी, सेंट लुइस, मिलवॉकी हा सगळा पट्टा यासाठी प्रसिद्ध. पिट्सबर्ग-क्लीव्हलँडकडे ताटात पूर्व युरोपीय वळणाचे पिएरोगी (सारण भरलेले उकडीचे पदार्थ) येतात, विस्कॉन्सिनमध्ये राय पाव आणि बटाट्याचे घावन. विस्कॉन्सिनमध्ये तर फिश फ्राय बारा महिने चालतो, दारूबंदीच्या काळात तिथल्या गुत्त्यांनी स्वस्त मासळीच्या ताटांवर गिऱ्हाईक टिकवलं तेव्हापासूनची सवय. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघराची धुरा नाइट्स ऑफ कोलंबस सांभाळतात. ही संघटना फादर मॅकगिव्हनी यांनी १८८२ साली न्यू हेवनमध्ये स्थलांतरितांच्या विधवा आणि मुलांना आधार म्हणून काढली.

नवीन पॅरिशमध्ये ओळखी व्हायला या तळणीइतकी चांगली जागा नाही. आपली माणसं मासळीत मुरलेली असतात, तर नुसतं रांगेत उभं राहण्यापेक्षा आत जा. ३०० ताटांचा हिशेब देतो.

मासे: ताटाला ४ औंसांचे दोन तुकडे, म्हणजे अर्धा पौंड. ३०० ताटांना १५० पौंड, वर दहा टक्के धरून १६५. कॉड उत्तम, मोठ्या पाकळ्या सुटतात. पोलॉक स्वस्त आणि गरम पेटीत जास्त टिकतो. बासा-स्वाय टाळा, पाणी सुटून आवरण निसटतं.

फ्राइज: ताटाला ६ औंस, ११३ पौंड. ३० पौंडांची चार खोकी.

कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर): ताटाला ४ औंस, एकूण ७५ पौंड. त्याला ५० पौंडांचं एक पोतं कोबी (निवडून ४० उरतो), १० पौंड गाजर, ३ गॅलन ड्रेसिंग. ड्रेसिंग दोन तास आधीच घाला, आदल्या रात्री घातलं तर तळाशी पाणी साचतं.

मासे बुधवारी रात्री फ्रीजमध्ये वितळायला ठेवा, बाहेर ओट्यावर नाही. हवा काढून बंद केलेली पाकिटं असतील तर वितळवण्याआधी कापून उघडा. बंद पाकिटात प्राणवायू नसतो आणि बोटुलिझमचे जंतू थंडीतही वाढू शकतात. ही चूक फार ठिकाणी होते. शुक्रवारी दुपारी तुकडे कागदाने टिपून कोरडे करा. आवरण सुटतं त्याचं पहिलं कारण ओला मासा, दुसरं कारण कोरड्या मैद्यात न घोळवता थेट पिठात बुडवणं.

पीठ: दीड कप मैदा, १२ औंसांचा बिअरचा एक डबा, एक चमचा बेकिंग पावडर, एक चमचा मीठ. मैद्याचा तिसरा हिस्सा तांदळाच्या पिठाने बदललात तर कुरकुरीतपणा जास्त टिकतो. एवढ्यात साधारण दोन पौंड मासे होतात. बिअर नको तर सोडा वॉटर. पातेलं बर्फात ठेवा, पीठ कोमट झालं की तेल पितं.

तेल: ३५० ते ३७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १७५ ते १९० सेल्सिअस. ३५ पौंडी फ्रायरमध्ये एका वेळी चार पौंडांपेक्षा जास्त मासे नकोत. जास्त घातले की तापमान कोसळतं आणि मासा तळण्याऐवजी तेलात शिजतो. चार-पाच मिनिटं तळण, मिनिटभर तेल परत तापायला. एका फ्रायरमधून कागदावर तासाला ८० ताटं निघतात, प्रत्यक्षात ६० धरा. साडेपाच ते साडेसहा या एका तासात निम्मे लोक येतात, तेव्हा माशांसाठी तीन फ्रायर आणि फ्राइजसाठी वेगळा एक. रिकामी जाळी आधी तेलात सोडा, मग तुकडा हातात धरून अर्धा बुडवा, पाच सेकंद थांबा आणि आपल्यापासून दूर सोडा. जाळीत आधी तुकडे ठेवले तर पीठ तारांना चिकटून फाटतं.

निर्मळची_वाट

@तळणीचा_हिशेब, पार्सलचं काय? घरी पोचेपर्यंत सगळं मऊ होतं.

तळणीचा_हिशेब

ताई, दोष डब्याचा. झाकण पक्कं बंद केलं की वाफ आत कोंडते. भोकं असलेला डबा घ्या किंवा कोपऱ्याला फट ठेवा, तळाला कागद घाला, कोलस्लॉ वेगळ्या कपात. तळलेला मासा तारेच्या जाळीवर ठेवा, एकावर एक रचू नका. आणि पैसे भरतानाच टोकन द्या, टोकनांची संख्या तळणाऱ्यापर्यंत पोचू द्या. अंदाजाने तळलं की आधी ढीग साचतो आणि सात वाजता मासे संपतात.

कलम_आणि_कायदा

सुरक्षेची बाजू राहिली. मासा आतून १४५ अंश फॅरनहाइट व्हायला हवा, गरम पेटी १३५ च्या वर, कोलस्लॉ ४१ च्या खाली. काट्याचा थर्मामीटर हाताशी ठेवा, नजरेवर भिस्त नको. तेलाच्या आगीसाठी 'के' वर्गाचं अग्निशामक लागतं, साधं चालत नाही, आणि पाणी तर कधीच नाही: आधी गॅस बंद, मग झाकण. काउंटीच्या आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना, बिअर विकायची तर वेगळा परवाना, सोडत काढायची तर राज्याचा जुगारविषयक नियम, हे तिन्ही जानेवारीतच विचारा. शेंगदाण्याचं तेल वापरू नका, ॲलर्जीवाले असतात. वापरलेलं तेल नाल्यात न ओतता गोळा करणाऱ्या कंपनीच्या पिंपात द्यायचं.

करासंबंधीही एक. ताटाचे १५ डॉलर ही देणगी नव्हे, ते जेवणाचे पैसे. सोडतीची तिकिटंही वजावटीत धरत नाहीत. रविवारच्या मिस्सात दिलेलं दानाचं पाकीट किंवा ऑनलाइन दान धरतात, आणि एकरकमी २५० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर पॅरिशचं लेखी पत्र लागतं.

आगाशीकर

पाकिटांचा विषय निघालाच आहे तर नोंदणीचं सांगतो. आपल्याकडे धर्मग्रामात राहता म्हणजे त्याचे सदस्य. कॅनन कायद्याने इथेही तसंच आहे, राहण्याच्या जागेवरून पॅरिश ठरते. पण कार्यालयाचा व्यवहार नोंदणीच्या फॉर्मवर चालतो. उद्या भाच्याच्या स्नानसंस्काराला गॉडपेरंट व्हायचं असेल तर तुम्ही आचरण करणारे कॅथलिक आहात असं पत्र लागतं, आणि ते पत्र देताना कार्यालय नोंदणी बघतं. कॅथलिक शाळेतली सदस्यांची फी-सवलतही बहुधा त्यावरच. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात फॉर्म भरा. लग्नासाठी वसईहून स्नानसंस्काराचा दाखला मागवाल तो गेल्या सहा महिन्यांत काढलेला हवा, मागच्या बाजूच्या नोंदींसह. लहानपणीचा जपून ठेवलेला चालत नाही, कारण त्यावर नंतरचे दृढीकरण आणि लग्न यांचे शेरे नसतात.

बॉटल_मसाला

चर्चच्या दारात पुठ्ठ्याचे छोटे डबे ठेवतात, 'राइस बोल' लिहिलेले. ते कशाचे?

सांतान_पापडी

उपवासकाळातल्या बचतीचे. १९७५ साली पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये ही पद्धत सुरू झाली, आता ती कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही मदतसंस्था चालवते. साध्या जेवणाने वाचलेले पैसे डब्यात टाकायचे आणि ईस्टरला पॅरिशमध्ये द्यायचे. त्यातले ७५ टक्के परदेशातल्या कामाला जातात, २५ टक्के आपल्याच धर्मप्रांतातल्या भुकेल्यांसाठी राहतात. मुलांच्या हाती द्यायला फार चांगली गोष्ट. चौदाच्या आतल्यांना मांसवर्ज्याचं बंधन नसतं, पण डबा भरायला वय लागत नाही.

प्रश्नार्थक

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: १९ मार्चला मांस चालणार असेल तर त्या शुक्रवारी फिश फ्राय ठेवायचा की नाही?

तळणीचा_हिशेब

ठेवायचा. लोक नियमासाठी येतात तसे एकमेकांसाठीही येतात. फक्त मासे २० टक्के कमी मागवा आणि त्या दिवशी संत योसेफाच्या नावाने इटालियन पॅरिशसारखं एक टेबल मांडा: पाव, मसूर-शेंगांचं सूप, गोड पदार्थ, जे येईल त्याला फुकट. गुड फ्रायडेला, २६ मार्चला, मात्र स्वयंपाकघर चालू ठेवायचं की बंद, हे फादरना विचारूनच ठरवा. बऱ्याच पॅरिश त्या दिवशी तळण लावत नाहीत. मासळीची ऑर्डर सोमवारपर्यंत द्यावी लागते, तेव्हा हे आदल्या रविवारीच विचारा.